सरकारी आरोग्य विभागात खरेदीचे टेबल हाती आले आहे? मागणीपासून करार संपेपर्यंतची वाट

जिल्हा रुग्णालयात किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात खरेदीचे टेबल पहिल्यांदा मिळाले की माणूस आधी निविदा शिकायला बसतो. ते साहजिक आहे. लेखापरीक्षक निविदेचीच फाईल मागतात, तक्रारी निविदेवर होतात आणि न्यायालयातही निविदाच जाते. पण वॉर्डात औषध वेळेवर का पोचले नाही याचे कारण शोधायला बसलात, तर ते बहुतेक वेळा निविदेच्या आधी किंवा नंतर सापडते. मागणी चुकीची काढलेली असते, नाहीतर आदेश दिल्यानंतर त्याच्याकडे कोणी पाहिलेले नसते. या लेखात त्या दोन टोकांवर मुद्दाम जास्त वेळ दिला आहे. उदाहरणे महाराष्ट्रातल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या कामकाजाची आहेत.

आधी आपण कोणत्या चौकटीत आहोत ते बघा

राज्यातल्या कार्यालयीन खरेदीचा आधार म्हणजे उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय आणि त्यासोबतची खरेदी कार्यपद्धतीची नियमपुस्तिका. तिच्यात नंतर सुधारणा झाल्या. थेट खरेदी, दरपत्रके आणि ई-निविदा यांच्या रकमेच्या मर्यादाही बदलल्या. म्हणून मर्यादा कोणाला तोंडी विचारून फाईल चालवू नका. ताज्या शासन निर्णयाची प्रत फाईलला लावा आणि टिप्पणीत त्याचा क्रमांक व दिनांक लिहा. केंद्राच्या निधीतून, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानातून खरेदी असेल तर त्या निधीच्या अटीही वाचाव्या लागतात. केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ आणि वित्त मंत्रालयाची वस्तू खरेदीची नियमपुस्तिका हाताशी असलेली बरी.

मोठी औषध खरेदी राज्य पातळीवर होते. २०१७ पासून ती हाफकिन जीव औषध निर्माण महामंडळाकडे होती. पुढे २०२३ च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आले. या रचनेमागे तामिळनाडूचा अनुभव आहे. तिथे १९९४ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे झाली आणि प्रत्येक रुग्णालयाला आपल्या हिश्शाची रक्कम नोंदवणारे पासबुक मिळाले. आपल्याकडच्या नवख्या माणसाने त्या पद्धतीची माहिती जरूर वाचावी. औषध खरेदी म्हणजे साठा, तपासणी आणि पैसे या तिन्हींची एकत्र व्यवस्था असते, हे तिथे स्पष्ट दिसते.

मागणी काढणे: इथे घाई करू नका

"मागच्या वर्षीची मागणी अधिक दहा टक्के" ही पद्धत अजूनही चालते. ती सोडून द्या. मागच्या वर्षी औषध तीन महिने संपलेले होते, तर तो आकडा वापराचा राहतच नाही. समजा, एका गोळीचा वर्षाचा खप ९,००० आहे आणि ३ महिने साठा शून्य होता. १२ ने भागलेत तर महिन्याला ७५० येतात. खरा हिशोब ९ ने भागून १,००० चा आहे. पहिला आकडा धरलात तर यंदाही टंचाई पडणार आणि पुढच्या वर्षी तिच्यावरून आणखी कमी मागणी निघणार. ई-औषधी या औषधसाठ्याच्या ऑनलाइन नोंद प्रणालीत साठा कोणत्या दिवशी शून्यावर गेला ते काढता येते. ते काढल्याशिवाय मागणीपत्रावर सही घेऊ नका.

मूळ सूत्र सोपे आहे. सरासरी मासिक वापराला, पुरवठा यायला लागणारे महिने अधिक राखीव महिने यांनी गुणा. त्यातून हातातली शिल्लक आणि आदेश दिलेला पण अजून न आलेला माल वजा करा. पुरवठ्याचा काळ कागदावरचा धरू नका. मागच्या तीन आदेशांत आदेशाच्या तारखेपासून माल भांडारात यायला प्रत्यक्ष किती दिवस लागले ते मोजा.

मग औषधागणिक डोके चालवावे लागते. रेबीजच्या लसीचे उदाहरण घ्या. त्वचेत देण्याच्या पद्धतीत एका भेटीला ०.१ मिलीचे दोन डोस, म्हणजे ०.२ मिली लागते. भेटी चार: पहिला दिवस, मग ३, ७ आणि २८ वा. रुग्णामागे ०.८ मिली झाले. वर्षाला १०० रुग्ण येतात, कुपी १ मिलीची आहे, म्हणून ८० कुप्या मागाव्यात असे कागदावर दिसते. पण उघडलेली कुपी काही तासांतच वापरावी लागते. जिल्हा रुग्णालयात दिवसाला वीस-पंचवीस जण येत असतील तर हा हिशोब बरोबर बसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षाच्या ४०० भेटी म्हणजे रोज साधारण एक भेट. तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी नवी कुपी फुटते आणि उरलेली लस टाकून द्यावी लागते. अशा केंद्राला ८० नव्हे, २५० च्या आसपास कुप्या लागतील. एकाच जिल्ह्याला एकच निकष लावला की केंद्रावर आलेल्या माणसाला "लस संपली, तालुक्याला जा" असे ऐकावे लागते. ज्याला कुत्रा चावला आहे त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि मधली एखादी भेट चुकण्याचा धोका वेगळाच.

सर्पदंशाच्या प्रतिविषाचेही असेच आहे. मागणी पावसाळ्यात चढते, म्हणून माल मे अखेर केंद्रावर असला पाहिजे. भुकटीच्या रूपातले प्रतिविष साध्या तापमानात राहते, द्रवरूपाला २ ते ८ अंश सेल्सिअस लागते. ज्या केंद्रात वीज सतत जाते तिथे काय पाठवायचे हे ठरवणे तुमच्या कामात येते.

यादी मोठी असते आणि सगळ्याच वस्तूंवर सारखा वेळ देता येत नाही. दोन चाळण्या लावा. पहिली पैशाची: थोड्याशा वस्तूंवर बहुतांश रक्कम खर्च होते, त्या वेगळ्या काढा आणि त्यांचे दर बारकाईने तपासा. दुसरी जिवाची: नसली तर माणूस दगावेल अशा वस्तू कोणत्या? अ‍ॅड्रेनालिन, ऑक्सिटोसिन, मॅग्नेशियम सल्फेट ही स्वस्त इंजेक्शने आहेत. पैशाच्या यादीत ती तळाला जातात, पण प्रसूतिकक्षात त्यांच्यावाचून काम थांबते. त्यांचा राखीव साठा सढळ ठेवा. ही दुसरी यादी टेबलावर बसून होत नाही. वॉर्डातल्या सिस्टर, औषध निर्माण अधिकारी आणि भूलतज्ज्ञ यांना विचारून करा आणि त्यांच्या सह्या घ्या.

स्पेसिफिकेशन, म्हणजे वस्तूचे तांत्रिक वर्णन: यंत्राची पुढची वर्षे डोळ्यासमोर ठेवा

औषधांचे तुलनेने सोपे आहे. जेनेरिक नाव, मात्रा, स्वरूप, इंडियन फार्माकोपिया (औषधांच्या दर्जाचे देशाचे अधिकृत मानक) हा दर्जा आणि पॅकिंग लिहिले की झाले. कसोटी यंत्रसामग्रीत लागते.

एखाद्या कंपनीचे माहितीपत्रक समोर ठेवून स्पेसिफिकेशन उतरवले की ते त्या एकाच कंपनीला लागू पडते. मग स्पर्धा होत नाही आणि आक्षेप येतो. लिहून झाल्यावर वेगवेगळ्या उत्पादकांची किमान तीन यंत्रे त्यात बसतात का ते पाहा. तेवढी बसत नसतील तर अट कशासाठी घातली याचे वैद्यकीय कारण डॉक्टरांकडून लेखी घ्या. कारण देता आले नाही तर अट काढा.

प्रयोगशाळेच्या यंत्रांत आणखी एक खाच आहे. रक्ततपासणीचे यंत्र स्वस्तात येते, पण त्याला लागणारे रसायन त्याच कंपनीचे घ्यावे लागते. कल्पित आकडे घेऊन बघू. 'अ' यंत्र ४ लाखांचे, तपासणीमागे रसायनाचा खर्च ४० रुपये. 'ब' यंत्र ६ लाखांचे, तपासणीमागे २२ रुपये. रोज २० तपासण्या आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ५ वर्षांत ३०,००० तपासण्या होतात. 'अ' १६ लाखांना पडले आणि 'ब' १२ लाख ६० हजारांना. नुसत्या यंत्राच्या किमतीवर न्यूनतम दर ठरवला असता तर शासनाचे ३ लाख ४० हजार जादा गेले असते. म्हणून आर्थिक लिफाफ्यातच, म्हणजे निविदेच्या दर असलेल्या भागात, पाच वर्षांचे रसायन आणि हमीकाळानंतरच्या देखभालीचे दर मागा. मूल्यांकन एकूण बेरजेवर होईल हे निविदेत आधीच लिहा. नंतर ते सांगता येत नाही.

जागेची तयारीही आताच बघायची. एक्स-रे यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. सोनोग्राफी यंत्र गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रालाच विकता येते. खोली, अर्थिंग, विजेचा भार आणि चालवणारा माणूस यांपैकी एक जरी नसेल तर यंत्र खोक्यातच राहते. हमीचा काळ मात्र संपत जातो. वापराविना पडलेली यंत्रे हा लेखापरीक्षण अहवालातला आक्षेपाचा नेहमीचा परिच्छेद आहे, आणि तो रास्तच आहे.

निविदा: नियम पाळा, त्यात अडकू नका

क्रम असा: निधी, प्रशासकीय मान्यता, खरेदीचा मार्ग, निविदा, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा, समितीचा निर्णय, आदेश. दरकरार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी आधीच ठरवलेल्या दरांचा करार, उपलब्ध आहे का, वस्तू गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसवर म्हणजे जेमवर मिळते का, हे आधी तपासा. नसेल तर महाटेंडर्स या राज्याच्या निविदा संकेतस्थळावर ई-निविदा काढा. ई-निविदा टाळण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडणे हा उघड दोष आहे. एकाच महिन्यात, एकाच वस्तूची, मर्यादेच्या जरा खालची, दरपत्रकांवर केलेली तीन खरेदी प्रकरणे कोणाच्याही डोळ्यांत भरतात.

इथे मला तीनच गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, निविदेत न छापलेला निकष लिफाफे उघडल्यानंतर लावता येत नाही आणि छापलेला सोडता येत नाही. बदल करायचा तर मुदत संपण्याआधी शुद्धिपत्रक काढा. दुसरी, अपात्र ठरवताना निविदेतील अटीचा क्रमांक आणि नेमकी त्रुटी इतिवृत्तात लिहा. "कागदपत्रे अपूर्ण" एवढे पुरत नाही. तिसरी, दर वाजवी आहे हे न्यूनतम आल्याने आपोआप सिद्ध होत नाही. मागच्या खरेदीचा दर, इतर राज्यांच्या महामंडळांनी संकेतस्थळांवर दिलेले दर, जेमवरचा दर आणि किंमत नियंत्रणाखालच्या औषधांसाठी २०१३ च्या आदेशानुसार ठरलेली कमाल किंमत यांचा छोटा तक्ता करा आणि टिप्पणीला जोडा. दर फारच कमी असेल तर तोही संशयाने बघा. पुरवठादार पुढे माल देत नाही आणि अर्धे वर्ष वाया जाते.

करारातल्या अटी, ज्या पुढे उपयोगी पडतात

छापील अटी मागच्या निविदेतून जशाच्या तशा उचलल्या जातात. निदान या तरी वाचून, समजून घाला: माल आला त्या दिवशी औषधाची किती मुदत शिल्लक हवी (एकूण मुदतीच्या तीन-चतुर्थांश ही एक रुळलेली अट आहे), प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल, नमुना अप्रमाणित निघाला तर संपूर्ण बॅच स्वखर्चाने परत नेऊन बदलून देणे, कोणत्या ठिकाणी किती माल उतरवायचा, उशिराचा दंड आणि त्याची कमाल मर्यादा, देयक किती दिवसांत मिळणार, करार कधी रद्द करता येईल. दंडाचा दर आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल दहा टक्के असा बऱ्याच सरकारी करारांत असतो. मात्र भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि भरपाई वाजवी असावी लागते. म्हणून उशिरामुळे काय नुकसान झाले याच्या नोंदी, उदाहरणार्थ स्थानिक बाजारातून किती जादा दराने औषध घ्यावे लागले, जपून ठेवा.

शासनाचा करार राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे राज्यपालांच्या नावे आणि अधिकार असलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने व्हावा लागतो. सही कोणाची हवी ते विचारून घ्या. सुरक्षा ठेव किंवा बँक हमी जमा झाल्याशिवाय करारावर सही घेऊ नका. बँक हमी आली की संबंधित बँकेकडून ती खरी असल्याचे लेखी मागवा.

आदेश गेला, आता खरे काम सुरू

प्रत्येक करारासाठी एक पानी तक्ता करा: आदेशाचा दिनांक, पुरवठ्याची शेवटची तारीख, बँक हमी संपण्याची तारीख, हमीकाळ, देयकाची स्थिती, करार संपण्याची तारीख. सगळ्या करारांच्या तारखा एका एक्सेल शीटमध्ये चढत्या क्रमाने लावा आणि सोमवारी सकाळी पहिली गोष्ट म्हणून ते शीट उघडा. बँक हमी संपल्यावर लक्षात आले तर हातात काहीच राहत नाही.

पुरवठा लांबला की फोन करणे सगळ्यांनाच जमते. तो कागदावर आला पाहिजे. करार कायद्याचे कलम ५५ इथे मुद्दाम वाचा. ठरलेली वेळ टळल्यावर तुम्ही माल स्वीकारलात आणि त्या वेळी भरपाईचा हक्क राखून ठेवल्याची सूचना दिली नाहीत, तर मूळ उशिराबद्दल भरपाई मागता येत नाही. म्हणजे मुदतवाढीच्या पत्रात "दंड आकारण्याचा हक्क राखून" हे शब्द नसतील तर पुढे दंड कापणे अडचणीचे ठरते. अनेक कार्यालयांत दंडाची वसुली याच एका वाक्यावाचून निघून जाते.

माल भांडारात आला की चलानावर लगेच सही करू नका. खोकी मोजा, बॅच क्रमांक आणि मुदत प्रत्यक्ष खोक्यावर वाचा, शीत साखळीचा, म्हणजे सतत थंड ठेवावा लागणारा माल असेल तर गाडीतल्या तापमानाची नोंद बघा. ई-औषधीत त्याच दिवशी नोंद करा. नमुने काढून तपासणीला पाठवा आणि अहवाल येईपर्यंत ती बॅच वेगळ्या रॅकवर, स्पष्ट फलक लावून ठेवा. तामिळनाडूत नमुन्यावरचे उत्पादकाचे नाव काढून संकेतांक घालून तो प्रयोगशाळेत जातो. तपासणाऱ्यालाही औषध कोणाचे ते कळू नये, यासाठी ही काळजी. ती आपल्याकडेही पाळण्यासारखी आहे. वाटपात आधी संपणारी मुदत आधी बाहेर, एवढे सूत्र भांडारातल्या प्रत्येकाला पाठ हवे.

देयकांबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. पुरवठादाराचे पैसे महिनोन्‌महिने अडकले की पुढच्या निविदेत चांगले पुरवठादार येत नाहीत आणि जे येतात ते उशिराचे व्याज दरात धरून येतात. त्याची किंमत शेवटी रुग्ण मोजतो. सूक्ष्म आणि लघू उद्योगांना २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. बीम्सवर, म्हणजे राज्याच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, निधी आला आणि देयक तयार नाही, असे होऊ देऊ नका. देयकाला लागणारी कागदपत्रे, म्हणजे पुरवठा आदेश, चलान, साठा नोंदवहीच्या पानाचा दाखला, तपासणी अहवाल आणि दंडाचा हिशोब, माल येताच एकत्र लावायला घ्या. मार्च अखेरीस कोषागारात रांग लागते आणि तेव्हा घाईत केलेली खरेदी पुढची कित्येक वर्षे आक्षेपांना उत्तरे द्यायला लावते. जिल्हा वार्षिक योजनेच्या पैशांतून घेतलेल्या औषधांत हे वारंवार दिसते. प्रस्ताव एप्रिल-मेमध्येच तयार ठेवला तर निधी आल्यावर फक्त आदेश काढणे उरते.

यंत्रांची देखभाल आणि सेवांचे करार

हमीकाळ यंत्र बसवून, चालवून दाखवून, वापरणाऱ्याची सही झाल्यापासून मोजायचा. माल उतरल्याच्या तारखेपासून नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या जैववैद्यकीय उपकरण देखभाल कार्यक्रमात यंत्रे चालू राहण्याचे प्रमाण जिल्हा रुग्णालयासाठी ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ८० टक्के धरले आहे. ९५ टक्के म्हणजे वर्षात जेमतेम १८ दिवस यंत्र बंद राहू शकते. हे मोजायचे तर तक्रार केल्याची आणि दुरुस्तीची तारीख-वेळ हवी. वॉर्डातून फोनवर तक्रार गेली आणि क्रमांकच घेतला नाही, तर ठेकेदाराच्या अहवालात यंत्र चालूच होते असे दिसेल. प्रत्येक यंत्रावर तक्रारीचा दूरध्वनी आणि यंत्राचा क्रमांक असलेले स्टिकर लावा. कोरोनाच्या काळात बसवलेल्या ऑक्सिजन निर्मिती संयंत्रांकडेही असेच बघा. गाळण्या बदलणे, शुद्धता मोजणे आणि प्रशिक्षित माणूस हे करारात नसेल तर गरज पडेल त्या दिवशी ते चालेलच असे नाही.

स्वच्छता, सुरक्षा, आहार, धुलाई यांच्या करारांत देयक हजेरीवर आणि कामाच्या तपासणीपत्रकावर काढा. तपासणीपत्रकावर वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरची सही हवी. कामगारांचे भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा यांच्या भरण्याचे चलान दरमहा घ्या आणि नावे जुळतात का ते पाहा. कंत्राटदाराने भरणा चुकवला तर जबाबदारी रुग्णालयावर येऊ शकते. आणि ती झाडलोट करणाऱ्या मावशींच्या कष्टाची रक्कम असते. जैववैद्यकीय कचऱ्याचा करार असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे कचरा ४८ तासांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. गाडी कोणत्या दिवशी आली नाही त्याची नोंद ठेवा, त्याच नोंदीवर कपात होते.

चालू सेवेचा करार संपायच्या सहा महिने आधी नवी निविदा सुरू करा. मुदतवाढीवर मुदतवाढ देत राहिलात तर जुना दर आणि जुन्या त्रुटी दोन्ही पुढे चालू राहतात.

शिकायचे कुठे

पुण्याची यशदा ही राज्याची प्रशिक्षण संस्था, फरीदाबादची अरुण जेटली राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्था आणि आयगॉट कर्मयोगी हे सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे ऑनलाइन व्यासपीठ इथे खरेदीचे अभ्यासक्रम असतात. कार्यालयाकडून नाव पाठवण्याची विनंती लेखी करा. पण पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त शिकवतील त्या तुमच्याच कपाटातल्या तीन फाइल्स: एक वेळेत पूर्ण झालेली, एक न्यायालयात गेलेली आणि एक जिच्यावर लेखापरीक्षणाचा परिच्छेद आहे. तिन्हींतल्या तारखा शेजारीशेजारी मांडा, कोणत्या टप्प्यावर किती दिवस गेले ते बघा आणि ज्यांनी त्या हाताळल्या त्या वरिष्ठ लिपिकांना किंवा लेखाधिकाऱ्यांना त्या त्या टप्प्यावर काय अडले होते ते विचारा. पुरवठादार भेटायला आले तर कार्यालयातच, शक्यतो आणखी एका सहकाऱ्यासमोर भेटा आणि भेटीची नोंद ठेवा. भेटवस्तू घेऊ नका, दिवाळीचीही नाही. आणि बदली झाली की करारांच्या तारखांचे ते शीट नव्या माणसाच्या हाती देऊन, कोणती बँक हमी कधी संपते आणि कोणता माल येणे बाकी आहे ते समोर बसून समजावून सांगा.